मॅराडोनाचा कोणता गोल आधी दाखवू?

खिडकीपाशी (शनिवार, रात्री १०:४८)

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पाल्हाळ मोठं.

चिरंजीव सहावीत आहेत. शाळेत प्रत्येकाने आवडत्या खेळाडूवर पाच मिनिटं बोलायचंय. निम्मा वर्ग विराटवर बोलणार, उरलेला मेस्सी नाहीतर रोनाल्डो. आमचे चिरंजीव आठवड्यातून तीन संध्याकाळी बाणेरला फुटबॉल शिकायला जातात, पाठीवर मेस्सीचा दहा नंबर असतो, त्यामुळे विषय ठरल्यात जमा होता. पण मध्ये आजोबा पडले. "मेस्सीच्या आधी तो दहा नंबर कुणाचा होता, माहितीय का?" एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. झालं. आता मॅराडोनावर बोलायचंय.

१९८६ साली आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहायचो. टीव्ही एकच, मालकांकडे, तोही ब्लॅक अँड व्हाइट. २२ जून, रविवार. अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड, क्वार्टर फायनल. मेक्सिकोत भर दुपारी बाराला सुरू झालेली मॅच आपल्याकडे रात्री साडेअकराला. मी आठ वर्षांचा, हाफटाइमच्या आतच मालकिणीच्या गोधडीवर आडवा. बाबांना सोमवारी आकुर्डीला पहिली पाळी, तरी शेवटपर्यंत बसले. त्यांचं म्हणणं, पहिला गोल हाताने मारलेला त्यांना तेव्हाच दिसला होता. आई म्हणते, खोटं. मध्यरात्री घरी येऊन 'काय हेडर मारला' हेच सांगत होते.

तर प्रश्न असा. ५१व्या मिनिटाचा गोल शुद्ध लबाडी. ५५व्या मिनिटाचा तर काय बोलायचं. चार मिनिटांत दोन्ही, एकाच माणसाचे. मुलाला आधी कोणता दाखवू? आणि पुढचं कोकेन, बंदी वगैरे अकरा वर्षांच्या पोराला किती सांगायचं?

तिसरा_पंच (शनिवार, रात्री ११:०५)

आधी दुसरा दाखवा. पहिला आधी दाखवलात तर पोरगं सोमवारपासून हाताने खेळेल. हँडबॉलची फी वेगळी असते हो.

खडूस_पेठ (शनिवार, रात्री ११:२१)

शीर्षकात दुरुस्ती सुचवतो. स्पॅनिश उच्चार 'मारादोना' असा आहे. 'मॅ' तर नाहीच, 'डो' पण नाही.

गोली_घोरपडी (शनिवार, रात्री ११:३०)

आम्ही माराडोना म्हणायचो. त्याची कधी तक्रार आली नाही.

अनुस्वार (रविवार, सकाळी ७:१५)

वाचतेय. वडिलांच्या हेडरवर विश्वास आहे.

गोली_घोरपडी (रविवार, सकाळी ९:४०)

काल एका ओळीत उरकलं, आज चहा घेऊन बसलोय.

मी गोली, म्हणजे गोलकीपर. डोबरवाडीच्या मैदानावर गुडघे फोडून घेतलेल्या पिढीतला. पुण्यात फुटबॉल नाही असं जे म्हणतात ते पेठा सोडून कँपाच्या बाजूला कधी आलेले नसतात. घोरपडी, खडकी, कँप, इथे रेल्वेतले, दारूगोळा कारखान्यातले, मिलिटरीतले असे नुसते खेळणारे होते. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे क्रिकेटची बॅट धरणाऱ्या पोराला 'तब्येत बरी नाही का' म्हणून विचारायचे.

तर गोलीच्या नजरेने त्या पहिल्या गोलाचं सांगतो. सगळे हात-हात करतात, पण त्याच्या आधी काय झालं ते कुणी बघत नाही. मॅराडोनाने वाल्डानोकडे पास टाकला, तो बॉल वाल्डानोला नीट मिळालाच नाही. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने क्लिअर करायला पाय घातला आणि बॉल उलटा, उंच, स्वतःच्याच गोलीच्या दिशेने गेला. बॉल इंग्लंडच्या माणसाकडून आला, म्हणून ऑफसाइडचा प्रश्नच नाही. आता मॅराडोना जेमतेम साडेपाच फुटी. पीटर शिल्टन त्याच्याहून चांगला वीतभर उंच, वर त्याला हात वापरायची मुभा. तो बॉल गोलीचाच. शंभरातून शंभर वेळा. मी रात्री ती मॅच बघताना ओरडलो होतो, 'निघ ना भडव्या' (संपादक, माफी). शिल्टन अर्धा क्षण उशिरा निघाला. बाकीचं त्या डाव्या मुठीने केलं.

रेफरी ट्युनिशियाचा अली बिन नासर. त्याने लाइन्समनकडे पाहिलं, लाइन्समन मध्यरेषेकडे पळाला, गोल दिला. मुलाला हे सगळं सांगा. लबाडी कशी घडते हे कळायला फुटबॉल फार चांगला खेळ आहे.

संपादक (रविवार, सकाळी ९:५८)

माफी मंजूर. पुढच्या वेळी फुल्या वापरा.

सरळरेघ (रविवार, सकाळी ११:१०)

मला कळत नाही, मुळात या माणसाचं कौतुक पोरांसमोर करायचंच कशाला? हाताने गोल मारला, वर मॅचनंतर सांगतो काय, थोडा मॅराडोनाच्या डोक्याने आणि थोडा देवाच्या हाताने. म्हणजे चोरी करून वर देवाला साक्षीदार. १९९१ मध्ये इटलीत कोकेन सापडलं, १५ महिने बंदी. १९९४ च्या वर्ल्डकपमध्ये एफेड्रिन, म्हणजे बंदी असलेलं उत्तेजक, दोन मॅचनंतर घरी. पोटच्या पोराला कित्येक वर्षं ओळख दिली नाही. आदर्श म्हणून दुसरं कुणी मिळत नाही का? पेलेवर बोलू द्या की त्याला.

तिसरा_पंच (रविवार, सकाळी ११:२२)

सरळरेघ, बॅटची कड लागल्यावर स्वतःहून पॅव्हेलियनकडे चालू लागणारे आपल्याकडे किती बॅट्समन सापडतील? बोटं मोजून सांगा. एका हाताची पुरेत. (देवाच्या नव्हे, तुमच्या.)

खडूस_पेठ (रविवार, सकाळी ११:२५)

'पोटच्या' हा शब्द आईच्या संदर्भात अधिक योग्य.

मेघा_पाषाण (रविवार, दुपारी १२:५०)

मी शिक्षिका आहे, सहावी-सातवीलाच शिकवते. सरळरेघ, विषय 'आवडता खेळाडू' असा आहे, 'आदर्श नागरिक' नाही. दोन्ही एकच समजून आपण मुलांना जी भाषणं पाठ करून देतो ती ऐकून माझे कान किटलेत. प्रत्येकाचा खेळाडू गरिबीत जन्मतो, कष्ट करतो, यशस्वी होतो, धन्यवाद.

खिडकीपाशी, कोकेनचं सांगा. मुलांना माहीत असतं, निदान शब्द तरी. तुम्ही लपवलंत आणि त्याने मोबाइलवर वाचलं, की तुमचा दुसरा गोलही खोटा वाटेल त्याला. फक्त 'वाईट संगत' असं दोन शब्दांत उरकू नका. तो बार्सिलोनात होता तेव्हाच सुरुवात झाल्याचं त्याने स्वतः कबूल केलेलं आहे. वय एकविशी-बाविशीचं, आणि एका माणसासाठी तोवर कुणी मोजले नव्हते इतके पैसे मोजलेले. दोन वर्षांनी नेपल्सच्या नापोली क्लबने पुन्हा तोच विक्रम मोडला, त्याच माणसासाठी. अशा मुलाला 'नाही' कोण म्हणणार होतं?

डावखुरी (रविवार, दुपारी २:१५)

दुपारी एक ते चार पुणं बंद असतं म्हणून निवांत लिहितेय.

मी खेळते (लेफ्ट विंग, नाव बघा), आणि मेस्सीची आहे हे आधीच सांगून टाकते. तरी तो दुसरा गोल मी मोबाइलवर हळू करून इतक्या वेळा पाहिलाय की आता डोळे मिटून सांगेन. बॉल मिळतो तेव्हा तो स्वतःच्या अर्ध्यात आहे, पाठ गोलकडे. बिअर्डस्ली आणि रीड अंगावर येतात. तो बॉल थांबवत नाही, बॉलसकट गिरकी घेतो आणि दोघांच्या मधून बाहेर. तिथेच अर्धा गोल झालेला असतो. मग बुचर, मग फेनविक, मग शिल्टन, आणि शेवटी परत बुचर मागून पाय घालतो तोवर बॉल आत. साधारण दहा सेकंद. अकरा टच, सगळे डाव्या पायाचे.

यात एकाही ठिकाणी ती नाचवानाचवी नाही जी आजकालची मुलं करतात, पाय बॉलवरून चार वेळा फिरवतात आणि बॉल तिथेच. त्याची हुलकावणी अंगाची आहे. खांदा इकडे, कंबर तिकडे, बॉल सरळ. बुटका असल्यामुळे वळताना तोल जात नाही. आमचे सर म्हणायचे, उंच माणूस वळतो तेव्हा ट्रक वळतो, बुटका वळतो तेव्हा रिक्षा. पुणेकरांना अधिक सांगायला नको.

अझटेकाचं मैदान त्या वेळी खड्ड्याखड्ड्यांचं, वर मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरच्या वर, भर दुपारी बाराचं ऊन. आम्हाला बालेवाडीला सकाळी नऊनंतर धाप लागते.

आणि ही मेस्सीवाल्यांकडून भेट: २००७ मध्ये मेस्सीने दोन्ही गोल मारलेत! एप्रिलमध्ये गेटाफेविरुद्ध अगदी तसाच, मध्यरेषेपासून एकेकाला सोडवत. आणि जूनमध्ये एस्पान्योलविरुद्ध हाताने. वय १९. चिरंजीवांना सांगा, त्यांच्या पाठीवरच्या नंबरानेही तो पेपर कॉपी केलाय.

अनुस्वार (रविवार, दुपारी २:४०)

ट्रक आणि रिक्षा. +१००

सरळरेघ (रविवार, दुपारी ३:०५)

म्हणजे दोघेही लबाड. माझाच मुद्दा सिद्ध झाला.

वाकड_व्हाया_नेपल्स (रविवार, सायंकाळी ६:३०)

धागा उशिरा दिसला. ऑफिसच्या कामासाठी मी इटलीत काही महिने होतो, शनिवार-रविवार ट्रेनने नेपल्सला जायचो. सरळरेघ, तुमचा राग तिथे नेऊन पाहा एकदा.

तिथल्या स्पॅनिश क्वार्टर्स नावाच्या भागात गल्ल्या अशा की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. वर दोऱ्यांवर कपडे वाळत. कसबा पेठेतला माणूस तिथे एका दिवसात रुळेल. तिथे एका इमारतीवर चार-पाच मजली उंच मॅराडोना रंगवलेला आहे, खाली फुलं, मेणबत्त्या, शर्ट, पत्रं. बार नीलो नावाच्या कॉफीच्या दुकानात त्याचा एक केस काचेत ठेवलाय, देवघरासारखा. कॉफी न घेता नुसता फोटो काढलात तर रागावतात. हे मात्र मला थेट पुण्याचं वाटलं.

तो १९८४ मध्ये गेला तेव्हा नापोलीने लीग एकदाही जिंकलेली नव्हती. मिलान, तुरीनचे उत्तरेकडचे क्लब श्रीमंत. दक्षिणेच्या लोकांना ते स्टेडियममध्ये 'आंघोळ करा' अशी फलकं दाखवायचे. १९८७ मध्ये नापोली लीग जिंकली, १९९० मध्ये परत, मध्ये १९८९ ला युएफा कप. पहिल्या वेळी कुणीतरी स्मशानाच्या भिंतीवर लिहिलं होतं म्हणतात, 'काय हुकलंय ते तुम्हाला माहीत नाही.' मेलेल्यांना उद्देशून!

आणि मग १९९० च्या वर्ल्डकपची सेमीफायनल. इटली विरुद्ध अर्जेंटिना, आणि मैदान नेमकं नेपल्सचं. आधी याने जाहीर सांगितलं, वर्षभर तुम्हाला इटालियन मानत नाहीत, आणि आज एका रात्रीसाठी माना म्हणतायत. गावाची पंचाईत. अर्जेंटिना पेनल्टीवर जिंकली, एक पेनल्टी त्यानेच मारली. त्यानंतर इटलीने त्याला माफ केलं नाही. वर्षाच्या आत ड्रग टेस्टमध्ये सापडला आणि गेला. तो स्वच्छ होता असं मी म्हणत नाही. कमोरावाल्यांबरोबरचे (तिथला माफिया) त्याचे फोटो साऱ्या जगाने पाहिलेत. पण तोवर कुणाला न दिसलेलं नेमकं तेव्हाच कसं दिसलं, हा प्रश्न नेपल्समध्ये कुठल्याही बाकावर बसलात की पाच मिनिटांत विचारतात.

तो वारल्यावर स्टेडियमला त्याचं नाव दिलं. आधी सान पाओलोचं, म्हणजे संत पॉलचं होतं. संताला उठवून याला बसवलं.

तिसरा_पंच (रविवार, सायंकाळी ६:४१)

आमच्याकडे निदान केस तरी कुणाचा ठेवावा? एफसी पुणे सिटीत २०१४ ला फ्रान्सचा त्रेझेगे आला होता. डोक्यावर शोधूनही सापडला नसता.

डावखुरी (रविवार, सायंकाळी ६:५५)

त्या टीमचं नाव काढू नका, जखम ओली आहे. बालेवाडीला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडायचो. २०१९ मध्ये टीमच हैदराबादला गेली. त्याआधी पुणे एफसी होती, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरी आलेली, तीही नाही आता.

गोली_घोरपडी (रविवार, रात्री ८:१०)

बाळ, टीम्स जातात. डोबरवाडी आहे अजून.

सरळरेघ यांना एक विचारतो, रागाने नाही. १९८२ च्या वर्ल्डकपमध्ये इटलीच्या जेंटिलेने याला कसं 'मार्क' केलं ते पाहिलंय का? खेळू दिलाच नाही, शर्ट ओढ, पाय मार, कोपर मार. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये बिलबाओच्या गोइकोचेआने मागून येऊन घोटा मोडला. १९८६ ला सात मॅचमध्ये त्याच्यावर ५३ फाउल झाले. आता तो दुसरा गोल परत बघा. फेनविकचा हात, बुचरचा पाय, दोन वेळा तरी पडायला मोकळा होता. पडला असता तर फ्रीकिक मिळाली असती, कुणी नाव ठेवलं नसतं. नाही पडला. लबाड माणूस पडतो हो, मी आयुष्यभर गोलमध्ये उभं राहून पाहिलंय.

आणि अली बिन नासरचं श्रेय द्या. त्या पळण्यात त्यानेही शिट्टी नाही फुंकली. चार मिनिटांपूर्वी चुकलेला रेफरी बिथरून काहीही फुंकतो.

सरळरेघ (रविवार, रात्री ८:३५)

न पडण्याचा मुद्दा पटला. हाताचा नाही.

गोली_घोरपडी (रविवार, रात्री ८:३६)

मलाही नाही. मी गोली आहे.

शिवणकाम_रास्तापेठ (रविवार, रात्री ९:२०)

अवांतर: त्या मॅचचे निळे शर्ट अर्जेंटिनाने ऐनवेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून विकत आणले होते. असलेले जाड होते, उन्हात घामाने जड व्हायचे. नव्यांवर बिल्ला शिवला आणि चंदेरी नंबर घाईघाईत चिकटवले. माझं दुकान असल्यामुळे मी मॅच बघताना नंबरच बघतो. एकही निघाला नाही! इतक्या घाईचं काम आमच्याकडे गणपतीत ढोलपथकाच्या कुर्त्यांचं येतं, आणि दहातले दोन परत येतात.

वाकड_व्हाया_नेपल्स (रविवार, रात्री ९:३८)

त्या शर्टाची पुढची गोष्ट सांगतो. मॅचनंतर मॅराडोनाशी शर्टाची अदलाबदल कुणी केली? स्टीव्ह हॉजने! ज्याच्या पायाने उलटा गेलेला बॉल त्या मुठीला लागला, त्यानेच. तो शर्ट २०२२ मध्ये लिलावात ७१ लाख पौंडांना गेला. त्याच वर्षी बिन नासरने जपून ठेवलेला बॉलही २० लाखांना गेला. इंग्लंड हरलं, पण ज्यांनी चुका केल्या त्यांचं बरं झालं.

तिसरा_पंच (रविवार, रात्री ९:४१)

रास्ता पेठ, शर्ट शिवून ठेवा हो चार-पाच.

अनुस्वार (सोमवार, सकाळी ८:०२)

मूळ प्रश्न राहिला बाजूला. आधी कोणता गोल?

मेघा_पाषाण (सोमवार, दुपारी १:३०)

कोणताच नाही. आधी १९८० ची लंडनमधल्या वेम्बलीची मॅच सांगा. इंग्लंडविरुद्धच मैत्रीचा सामना, मॅराडोना एकोणीस वर्षांचा. तसाच एकेकाला सोडवत गेला, गोलीसमोर आला, बाजूने बॉल सरकवला आणि तो खांबाजवळून बाहेर. नंतर धाकट्या भावाने त्याला झापलं: 'कशाला मारलास? गोलीला हुलकावणी देऊन पुढे जायचंस की.' मॅराडोना स्वतः ही गोष्ट सांगायचा, की ८६ ला शिल्टन समोर आला तेव्हा भावाचं बोलणं आठवलं. आणि तेच केलं, उजवीकडून बगल देऊन मग बॉल आत.

वर्गात प्रत्येकाला धाकटं भावंड असतं. ऐकतात मुलं.

गोली_घोरपडी (सोमवार, दुपारी ४:०५)

बाई, चाळीस वर्षं तो गोल पाहतोय, हे माहीत नव्हतं. शिल्टन त्या भावामुळे उघडा पडला म्हणायचा.

खिडकीपाशी (शुक्रवार, रात्री ९:५०)

मंडळी, आज झालं भाषण. सगळं शब्दशः सांगत नाही.

बुधवारी रात्री जेवणानंतर बसलो. आजोबा, चिरंजीव, धाकटी (दुसरीत), मी. मेघाताईंचं ऐकून आधी भावाची गोष्ट सांगितली, मग ५५व्या मिनिटाचा गोल, आणि मग ५१व्याचा. हातवाल्या गोलाला चिरंजीव काहीच बोलले नाहीत. परत लाव म्हणाले. परत लावला. मग आजोबांकडे वळून, "तुम्हाला तेव्हा दिसला होता ना?" बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "नाही रे. हेडरच वाटला. सकाळी आकुर्डीला जाताना बसमध्ये कुणीतरी सांगितलं." आईने आतून भांडं आपटलं.

भाषणात त्याने कोकेनचं एक वाक्य ठेवलं: 'मैदानाबाहेर त्याला कुणी टॅकल केलं नाही.' हे माझं नाही, त्याचंच आहे, शपथ. शेवटी सांगितलं की २५ नोव्हेंबर २०२० ला तो साठाव्या वर्षी गेला. एका मुलाने विचारलं, हाताने मारला होता तर रेफरीला वाईट नाही का वाटलं? त्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. २०१५ मध्ये मॅराडोना ट्युनिशियात बिन नासरच्या घरी गेला होता, सही केलेला शर्ट घेऊन. त्यावर लिहिलं होतं, 'माझ्या कायमच्या मित्राला.' यावर बाईंनी विचारलं, तो मित्र की बळी? वर्गात मतदान झालं. मित्र १९, बळी २१.

दुष्परिणाम एकच. धाकटी आता पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसते आणि याचा प्रत्येक शॉट झाला की ओरडते, "मारू नकोस, पुढे जा!"

सरळरेघ (शुक्रवार, रात्री १०:०२)

२१ मुलांचं अभिनंदन.

गोली_घोरपडी (शुक्रवार, रात्री १०:१५)

खिडकीपाशी, रविवारी सकाळी साडेसहाला डोबरवाडीला आणा त्याला. आमची जुनी मंडळी असतात, मी अजून गोलमध्ये उभा राहतो. बूट नवे नकोत. आणि धाकटीला घेऊन या, खुर्चीची सोय करतो.

खडूस_पेठ (शुक्रवार, रात्री १०:२०)

शीर्षक अजून तसंच आहे.